वाचक विचारतात: बेनी गुडमन, क्लॅरोनेट आणि हेंडरसनचे कागद

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे, नौपाड्यात एका सरांकडे क्लॅरोनेट शिकतो. सर नुसते लांब सूर धरायला लावतात आणि हा यूट्यूबवर बेनी गुडमन ऐकून म्हणतो, मला असं वाजवायचंय, हे भों भों नको. सर बदलावेत का? आणि हा गुडमन शिकला तरी कसा?
– एक आई, नौपाडा, ठाणे

ताई, सर अजिबात बदलू नका, ते बरोबर करतायत. बेनी गुडमन म्हणजे अमेरिकेतला जॅझचा क्लॅरोनेटवादक आणि बँडचा लीडर, 30 मे 1909 ला शिकागोत जन्मला, बारा भावंडांतला नववा, वडील शिवणकाम करायचे आणि घरात कधी कधी सगळ्यांना पुरेल एवढं जेवणसुद्धा नसायचं. वडिलांना कळलं की जवळच्या सिनेगॉगमधे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मुलांना वाद्य देऊन शिकवतात, म्हणून तीन मुलांना घेऊन गेले, तिथं वाद्यं अंगापिंडावर बघून वाटली: थोराड होता त्याला ट्युबा हे भलंमोठं पितळी वाद्य, मधल्याला ट्रम्पेट आणि दहा वर्षांचा बेनी सगळ्यात लहानखुरा म्हणून त्याच्या हातात क्लॅरोनेट. म्हणजे निवड वगैरे काही नाही बघा.

मग तो फ्रांझ शेप नावाच्या क्लासिकल शिक्षकांकडे गेला, आणि मुलाला सांगायचं ते हे, की या जॅझवाल्याचा पाया पक्का क्लासिकलचा, सूर धरणं, बोटं, श्वास, तेच ते. शेप सरांची एक पद्धत फार छान होती, तास संपला की लगेच घरी पळायचं नाही, पुढच्या विद्यार्थ्याबरोबर जोडीने वाजवायचं. अशा जोडीत बेनीबरोबर बस्टर बेली नावाचा काळा मुलगा असायचा, त्या काळात त्या शहरात गोरे-काळे शेजारी राहतसुद्धा नव्हते, आणि इथं मात्र एका खोलीत एकच धून वाजवतायत. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

सोळाव्या वर्षी तो बेन पोलॅकच्या बँडमधे कमवायला लागला. वडील तेव्हा पेपरचा स्टॉल चालवायचे, पोरगं म्हणालं आता बंद करा, पण ते ऐकेनात, आणि डिसेंबर 1926 मधे त्यांना गाडीने उडवलं. मुलाचं पुढचं वैभव त्यांनी पाहिलंच नाही, मला ही गोष्ट वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

आणि एक. 1949 मधे चाळिशीचा, जगभर नाव झालेला गुडमन रेजिनाल्ड केल या इंग्रज वादकाकडे रीतसर शिकायला गेला, वरचे दात माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, टेकवायची इतक्या वर्षांची सवय मोडली आणि दोन्ही ओठ दातांवर घेऊन पहिल्यापासून सूर लावायला बसला. म्हणजे लांब सूर त्यालाही चुकले नाहीत.

प्रश्न: आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जुन्या गाण्यांवरून वाद झाला. एकाचं म्हणणं, गुडमनला स्विंगचा राजा म्हणतात पण संगीत दुसऱ्याचंच होतं. खरं काय?
– एक वाचक, नेरुळ

काका, तुमचे मित्र अर्धे बरोबर आहेत. स्विंग म्हणजे 1930 च्या दशकातलं, मोठ्या बँडने वाजवायचं नाचाचं जॅझ. त्या दुसऱ्याचं नाव फ्लेचर हेंडरसन. काळा माणूस, केमिस्ट्री शिकलेला, 1920 मधे न्यूयॉर्कला आला, रंगामुळे त्या लाइनमधे नोकरी मिळेना म्हणून पियानोकडे वळला आणि रोझलँड बॉलरूममधे असा बँड उभा केला की भलेभले तिथून तयार झाले. वर सांगितलेला बस्टर बेली याच बँडमधे क्लॅरोनेट वाजवायचा. ब्रासवाल्यांनी, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांनी, एक ओळ टाकायची आणि सॅक्सोफोन-क्लॅरोनेटवाल्यांनी तिला उत्तर द्यायचं, अगदी सवाल-जवाब चालतो तसं, आणि मधेच एकाला मोकळं सोडायचं, ही बिग बँडची, म्हणजे अशा मोठ्या जॅझ बँडची, लिहिण्याची पद्धत हेंडरसन आणि त्याचा साथीदार डॉन रेडमन यांनी बसवली. पण हिशोब, व्यवहार हेंडरसनला जमला नाही, 1934 पर्यंत बँड मोडला.

त्याच सुमारास गुडमनला ‘लेट्स डान्स’ हा रेडिओ कार्यक्रम मिळाला, दर आठवड्याला नवीन अरेंजमेंट, म्हणजे कोणी काय वाजवायचं ते लिहिलेले कागद, हवेत, आणि जॉन हॅमंड या रेकॉर्ड-निर्मात्याच्या सांगण्यावरून त्याने ते हेंडरसनकडून विकत घ्यायला सुरुवात केली. कार्यक्रमात गुडमनचा नंबर शेवटी, म्हणजे न्यूयॉर्कमधे मध्यरात्र उलटलेली, पण कॅलिफोर्नियात घड्याळ तीन तास मागे, तिथं कॉलेजची पोरं जागी! हे बँडला माहीतच नव्हतं. 1935 च्या उन्हाळ्यात दौरा निघाला, डेन्व्हरला लोक म्हणाले हे काय वाजवताय, सरळ वॉल्ट्झ, म्हणजे जुन्या संथ नाचाच्या चाली, वाजवा, सगळे खचले. लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममधे 21 ऑगस्टला सुरुवातीला भीतभीत गुळमुळीत गाणीच वाजवली, थंड प्रतिसाद, मग ठरवलं की बुडायचंच तर आपलं वाजवून बुडू, हेंडरसनचे कागद काढले, आणि नाचणारी पोरं नाचायची थांबून स्टेजपाशी गोळा झाली. स्विंगचं युग त्या रात्रीपासून मोजतात.

चोरी म्हणता येणार नाही, पैसे दिले होते आणि गुडमनने श्रेयही उघडपणे दिलं, 1939 मधे तर हेंडरसनला स्वतःच्या बँडमधे घेतलं. पण मला विचाराल तर राजा हा किताब एकट्याला मिळाला तो अन्यायच, हेच कागद हेंडरसनचा बँड आधी वाजवत होता, गोऱ्या चेहऱ्याने वाजवल्यावर देश नाचला. कट्ट्यावर दोन्ही नावं एका दमात घ्या.

प्रश्न: आमचा कॉलेजचा बँड आहे, मी बेस वाजवतो आणि लीडरही मीच, प्रॅक्टिसला रोज भांडणं. बिग बँडचा लीडर नक्की करायचा काय?
– एक विद्यार्थी, ऐरोली

मित्रा, गुडमनचं सगळंच उचलू नकोस. कुणी चुकला की तो चष्म्यातून असा रोखून बघायचा की बँडवाल्यांनी त्या नजरेला ‘द रे’ असं नावच पाडलेलं, चांगले चांगले लोक कंटाळून सोडून गेले.

माणसं निवडणं मात्र त्याच्याकडून शिक. जो उत्तम वाजवतो तो हवा, बस. टेडी विल्सन हा काळा पियानिस्ट 1936 मधे शिकागोच्या हॉटेलात गुडमन आणि ड्रमर जीन क्रुपासोबत सगळ्यांसमोर स्टेजवर बसला, त्याच वर्षी व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) लायनेल हॅम्प्टन आला, 1939 मधे गिटारवर चार्ली ख्रिश्चन, दोघेही काळे. हे कधी, तर बेसबॉलच्या मोठ्या लीगमधे काळ्या खेळाडूंना दार बंद होतं तेव्हा. 16 जानेवारी 1938 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधे बँड वाजला तेव्हा काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या काळ्या लीडरांच्या बँडमधले लोकही स्टेजवर होते, ते रेकॉर्डिंग 1950 मधे बाहेर आलं, आजही मिळतं. त्यातला शेवटाकडचा जेस स्टेसीचा पियानो नक्की ऐक, एवढ्या दणदणाटानंतर लीडरने त्याला जागा दिली आणि बाकीचे हात आखडून मागे राहिले.

आणि त्याची तालमीची युक्ती: ड्रम, बेस, पियानो, गिटार बाजूला बसवायचे आणि फक्त फुंकणाऱ्यांकडून गाणं वाजवून घ्यायचं, ताल त्यांच्या अंगातून आला पाहिजे. तुम्ही हे उद्याच करा, तू स्वतः बेस खाली ठेव, ड्रमरला गप्प बसव आणि समोर उभा राहून ऐक कोण घाई करतोय, निम्मी भांडणं कुणामुळे होतायत ते तिथंच कळेल.