पोट फुगलेला तो कोण?

प्रश्न : स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर लेकीकडे गेले होते. उथळ पाण्यातल्या गवतात वीतभर लांब, दोरीसारखा मासा दिसला. शेपटीचा खालचा भाग फुगलेला. गाभण मादी असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही ताई, तो नर! बहुधा रुंद तोंडाचा पाइपफिश, सिंग्नॅथस टायफल. माद्या आपली अंडी त्याच्या शेपटीखालच्या पिशवीत सोपवतात, एकाच नराकडे कधी दोघीतिघींचीही. कातडीच्या दोन घड्या मिटून तोच कित्येक आठवडे पिल्लांना प्राणवायू पुरवतो. मला हे आजही थक्क करतं. त्याला दात नाहीत, जठरही नाही; नळीसारख्या तोंडाने बारीक जीव झटकन ओढून घेतो. गवताच्या पात्यांत हिरवा होऊन उभा राहतो, तरी तुम्हाला दिसला! ते झोस्टेरा गवत मात्र तिथे 1980 च्या दशकापासून निम्म्याहून जास्त नष्ट झालंय, याचं फार वाईट वाटतं.