मुलगी दहावीत आहे. वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ आहे, पण गणित सुटत नाही. घरी कसं समजावू?

आठवडाभर त्या सूत्राचं नावच काढू नका.

मी दहावीची बीजगणिताची शिकवणी घेते. सूत्र घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना विचारते, क्ष² − ५क्ष + ६ = ० याचं २ हे मूळ आहे का? बहुतेक जण लगेच सूत्रातल्या ए, बी, सीच्या किमती लिहायला घेतात. क्षच्या जागी २ ठेवून बघायचं सुचतच नाही. ४ − १० + ६, शून्य आलं, म्हणजे आहे. मूळ म्हणजे क्षची अशी किंमत जी ठेवली की समीकरण खरं ठरतं, हेच कळलेलं नसतं, मग ते काढायचं कशाला?

मग कागद आणि कात्री घ्या. क्ष² + ६क्ष = १६. क्ष बाजूचा चौरस आणि क्ष लांब, ६ रुंद अशी पट्टी. दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ १६. पट्टीच्या ३-३ रुंदीच्या दोन पट्ट्या करा. एक चौरसाच्या उजवीकडे लावा, एक खाली. कोपऱ्यात ३ बाय ३ ची खाच उरते. ती बुजवायला ९ लागतात. १६ + ९ = २५, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ५, क्ष + ३ = ५, क्ष = २. 'दोन्ही बाजूंत ९ मिळवू' हे कुठून आलं ते तिला हातात दिसेल. दुसरं मूळ −८ मात्र कागदावर सापडणार नाही, कारण बाजू ऋण नसते. वर्ग २५ येणारी आणखी कोणती संख्या आहे, एवढंच विचारा आणि गप्प बसा.

सूत्र म्हणजे हीच खटपट, अक्षरं घेऊन एकदाच केलेली. क्ष²चा सहगुणक (त्याच्या आधीचा आकडा) १ नसला की मुलं अपूर्णांकांत अडकतात. तिथे मी जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची युक्ती वापरते (भास्कराचार्यांनी ती श्रीधराचार्यांच्याच नावानं दिली आहे): त्या सहगुणकाच्या चौपटीनं आधी गुणायचं. ३क्ष² + ५क्ष = २ ला १२ नं गुणलं की ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्हीकडे ५ चा वर्ग २५ मिळवा, (६क्ष + ५)² = ४९. पुढचं ती करेल.

एक खोड मात्र आत्ताच तपासा. क्ष² = ५क्ष सोडवायला द्या. दोन्हीकडे क्षनं भागून नुसतं ५ लिहिलं, तर क्षच्या जागी ० ठेवून बघायला सांगा.