पेंटियम फोर भंगारात घालायची घाई करू नका

प्रश्न असा आहे की बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपमध्ये जुन्या व्हीएमसीला (प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनला) सिरियल पोर्टवरून प्रोग्रॅम पाठवायला एक पेंटियम फोर पीसी आहे, आणि मुलगा म्हणतोय तो भंगारात घालून लॅपटॉप आणि यूएसबी-टू-सिरियल केबल घेऊ. दादा, घालू नका.

छोटा प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत टाकायचा असेल तर चांगल्या चिपची केबल बहुतेक वेळा चालते, तिथे मुलाचं बरोबर आहे. पण डायचा, म्हणजे साच्याचा, मोठा प्रोग्रॅम मेमरीत मावत नाही, मशीन चालू असतानाच ओळीओळीने पाठवावा लागतो, यालाच ड्रिप फीड म्हणतात. मशीनच्या कंट्रोलरचा बफर, म्हणजे आलेली अक्षरं साठवायची जागा, भरत आला की कंट्रोलर 'थांब' म्हणून एक अक्षर पाठवतो, एक्सऑफ. त्यानंतर बऱ्याच जुन्या कंट्रोलरना फार तर दहाएक अक्षरं झेपतात. जुन्या पीसीच्या बोर्डावरच्या सिरियल पोर्टचा फिफो, म्हणजे पाठवायच्या अक्षरांची रांग, १६ बाइटचा (१६ अक्षरांचा) असतो, आणि तोही डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करता येतो, म्हणजे सांगितल्याबरोबर पोर्ट थांबतो. यूएसबी केबलच्या चिपमध्ये मात्र विंडोजने आधीच ढकललेली अक्षरं साठून असतात. एक्सऑफ चिपनेच ओळखला तर ठीक. नाहीतर लॅपटॉपपर्यंत निरोप पोचेपर्यंत ती सगळी मशीनवर जाऊन पडतात आणि न झेपलेली गळतात.

मी मच्छेत जॉबवर्क करतो. एका फोर्जिंग डायवर माझ्याकडे हेच घडलं. साडेतीन तास फिनिशिंग झालेलं, आणि टूल वर उचलायची ओळच गळाली. कटर खालूनच आडवा गेला. ती डाय अजून रॅकवर ठेवलीय, बोटभर रुंदीचा चर या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्या दिवसापासून ड्रिप फीडला माझ्याकडे जुनाच पीसी.

पण नुसता ठेवून भागत नाही, जपावा लागतो. आपल्याकडे शेजारीच फाउंड्र्या, हवेत लोखंडाची पूड, वर चार महिने पावसाची ओल. कॅबिनेट उघडलं की बोर्डावर काळा थर दिसेल, तो वीज जोडू शकतो. प्लग काढून कोरड्या हवेने साफ करा, कंप्रेसरच्या लाइनमध्ये पाणी असतं ते आधी काढा. कपॅसिटरची डोकी सपाट हवीत. फुगलेली असतील तर तो बोर्ड आता फार दिवस टिकत नाही, कपॅसिटर बदलून घ्या. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत आजच काढा, पीसी मरतो तो बहुतेक तिथूनच. भंगारात तसलाच बोर्ड मिळाला तर उचलून ठेवा. त्यावरच्या विंडोज एक्सपीचे अपडेट २०१४ मध्येच थांबले, तेव्हा नेटची वायर काढून टाका आणि पेन ड्राइव्ह त्याच्यापुरता वेगळा ठेवा.

मशीन चालू असताना सिरियल केबल काढू-घालू नका. अर्थिंगमध्ये फरक असला तर कंट्रोलरच्या पोर्टची चिप जळते, आणि ती पीसीपेक्षा कितीतरी महाग पडते.

खानापूरकडे लाकूड कोरायची राउटर मशीनं पीसीच्या पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटर पोर्टवर) चालवणाऱ्यांनी तर यूएसबी-पॅरलल केबलचा विचारच सोडावा. ती प्रिंटरपुरती असते, मोटारचे पल्स तिच्यातून जात नाहीत.

आणि आधी एक करा. पेंटियम चालतोय तोवर मशीनचे सगळे पॅरामीटर, म्हणजे कंट्रोलरमधली सेटिंग, त्यावर उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. कंट्रोलरची बॅटरी बसली की ते पुसले जातात. बॅटरी बदलताना कंट्रोल चालूच ठेवायचा, हे ऑपरेटरलाही सांगून ठेवा.