धर्म नव्हे, सही बघा

ताई, ‘निकाहाआधी इस्लाम स्वीकारलास, आता वडिलांच्या जमिनीत तुझा हिस्सा नाही,’ असे भाऊ तुम्हाला सांगतात. हेच ऐकून आलेल्या कितीतरी मुली माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. हे खरे नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चे कलम २६ वाचा. धर्मांतरानंतर जन्मलेली मुले आणि त्यांचे वंशज, वारसा खुला होताना स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांचे वारस होऊ शकत नाहीत, एवढेच त्यात आहे. धर्म बदलणाऱ्याला ते कलम वगळत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये मुलीच्या बाजूनेच निकाल दिला. वडील मृत्युपत्र न करता गेले, त्या दिवशीच त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतला वाटा तुमचा झाला. वडिलोपार्जित जमिनीबद्दल मात्र कागद पाहिल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही. धर्मांतराने एकत्र कुटुंबातला हक्क तुटतो का, यावर वाद होणारच.

पण हिस्सा जाईल तो सहीमुळे. ‘सात-बाऱ्यावर नाव लावायचे म्हणून दुय्यम निबंधकाकडे नेले,’ असे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिता. सोबत जोडलेली प्रत हक्कसोडपत्राची आहे. ‘स्वखुशीने व विनामोबदला’ या ओळीखाली तुमचा फोटो, अंगठा आणि सही. शिकलेल्या बाईने न वाचता सही केली, याचा मला राग आला. त्याहून जास्त राग आला तो प्रत हाती आल्यावर दोन वर्षे दहा महिने गप्प बसल्याचा. फसवणुकीचा दस्त रद्द करून घ्यायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे, फसवणूक कळल्यापासून तीनच वर्षे मिळतात. भावांचा वकील प्रत मिळाल्याच्या दिवसापासून मोजेल. म्हणजे दोन महिने उरले.

कागदाचे स्वरूपच खोटे सांगितले, म्हणून तो मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने केलाच नसल्यासारखा आहे, असाही युक्तिवाद करता येतो. त्याच्या भरवशावर थांबू नका. तलाठ्याकडे हेलपाटेही नकोत. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही. दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा आणि वाटपाचा दावा एकत्र लावा, जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. निकालाला किती वर्षे लागतील, हे सांगायची मला लाज वाटते.

मुलांची काळजी लिहिली आहे. वाटा तुमच्या नावावर शाबूत राहिला, तर तो त्यांना आजोबांकडून नव्हे, आईकडून मुस्लिम कायद्याने मिळेल. तिथे कलम २६ आड येत नाही. मृत्युपत्राचे नंतर बघू. या आठवड्यात प्रत मिळाल्याची पावती शोधा आणि वकीलपत्रावर सही करा. ते मात्र वाचून.