आयटीआय इलेक्ट्रिशियननंतर नागपुरात ६० हजारांचा रोबोटिक्स कोर्स करावा का?

भाऊ, तुमचं आयटीआय इलेक्ट्रिशियनमधून झालंय, घर नागपुरात आहे, अन् एक खासगी क्लास ६० हजारांत ‘सर्टिफाइड रोबोट टेक्निशियन’ करून देतो म्हणतोय. माझं मत विचाराल तर आत्ता पैसे भरू नका. आधी पीएलसी, म्हणजे मशीन कोणत्या क्रमाने चालायची ते ठरवणारा कारखान्यातला कंट्रोलर, शिका.

मी बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मुलाखतीला आलेल्या पोरांना मी हटकून एक प्रश्न विचारतो: फॅनक रोबोटच्या बेसमधल्या बॅटऱ्या बदलताना कंट्रोलरची पॉवर चालू ठेवाल की बंद कराल? लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट घेऊन आलेलेही बरेच जण ‘बंद’ म्हणतात. त्यांचंही बरोबरच, इलेक्ट्रिकलमध्ये आपल्याला तेच तर शिकवलेलं असतं. इथे मात्र पॉवर चालू ठेवायची, इमर्जन्सी स्टॉप दाबायचा आणि मग बॅटऱ्या बदलायच्या. एन्कोडर म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर; त्याची मोजणी त्या बॅटऱ्यांवर टिकून असते. पॉवर बंद करून त्या काढल्या, की कोणता ॲक्सिस (सांधा) कुठे आहे हेच रोबोटला कळत नाही. पुन्हा चालू केला की एसआरव्हीओ-०६२ अलार्म. मग एकेक ॲक्सिस खुणेला खूण जुळवून मास्टरिंग (शून्याची जागा पुन्हा नेमून देणं) करत बसा. त्यात जरा फरक राहिला की वेल्डिंगचे शिकवलेले पॉइंट सरकतात, अन् प्रॉडक्शनवाले डोक्यावर येऊन उभे राहतात. दुसऱ्या मेकची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून मॅन्युअल उघडून बघायची सवय हवी.

आता सर्टिफिकेटचं. वायरमनला जसा सरकारी परवाना लागतो, तसा रोबोट टेक्निशियनला आपल्याकडे लागत नाही. त्यामुळे ‘सर्टिफाइड’ हा शब्द कुणीही छापू शकतो. माझ्या लेखी दोनच कागदांना वजन आहे. एक, आयटीआयचा ‘इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन’ हा १ वर्षाचा ट्रेड. दुसरा, फॅनक, एबीबी, कूका, यास्कावा यांचा स्वतःचा कोर्स. त्यात प्रोग्रॅमिंग वेगळं आणि मेंटेनन्स वेगळं असतं, आणि तो कागद त्या-त्या मेकपुरताच चालतो. यासाठी बहुधा पुणे किंवा बंगळूरु गाठावं लागतं. पण कारखान्यात नवा रोबोट आला की कंपनी आपलीच माणसं पाठवते आणि खर्चही तीच करते. म्हणून आधी आत शिरा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप मिळते, फक्त अर्ज करताना त्या प्लांटमध्ये रोबोट आहे का एवढं विचारून घ्या.

चाकणला रोबोटच्या रांगाच्या रांगा अन् त्यांच्यासाठी वेगळे प्रोग्रॅमर. आपल्या हिंगणा-बुटीबोरीत असं क्वचितच. रोबोट मोजके, अन् तोच माणूस कन्व्हेअर, कॉम्प्रेसर, पॅनेल सगळं बघतो. ‘रोबोट बंद पडला’ म्हणून फोन येतो, जाऊन बघावं तर ग्रिपरचा (वस्तू पकडणाऱ्या पंज्याचा) सेन्सर मेलेला, केबल आतून तुटलेली, नाहीतर सेफ्टी डोअरचा स्विच नीट बसलेला नाही. रोबोट बिचारा सिग्नलची वाट बघत उभा. हे पीएलसीचा प्रोग्रॅम ऑनलाइन उघडून बघता येणाऱ्यालाच पटकन सापडतं.

तरी क्लासच करायचा असेल तर पैसे भरण्याआधी त्यांची लॅब बघून या. कंट्रोलरसकट खरा औद्योगिक रोबोट आहे का? एका टीच पेंडंटमागे (रोबोटला शिकवायच्या हातातल्या रिमोटमागे) किती पोरं? टी-वन मोडमध्ये (हळू चालवून शिकवायच्या मोडमध्ये) वेग सेकंदाला २५० मिलिमीटरवर का बांधलेला असतो, अन् पेंडंटमागचा स्विच सोडला तरी रोबोट थांबतो आणि घट्ट आवळला तरी थांबतो, असं का, हे शिकवणाऱ्याला विचारा. (दचकलेला माणूस दोन्हीपैकी काहीही करतो, म्हणून.) टेबलावर आर्डुइनोवर (हौशी प्रोजेक्टच्या छोट्या सर्किट बोर्डवर) चालणारा खेळण्यातला हात दाखवला तर चहा पिऊन परत या. नागपुरातल्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत सीमेन्सच्या सहकार्याने उभं राहिलेलं सेंटर आहे, तिथेही बाहेरच्यांसाठी काही आहे का याची चौकशी करा.

तोवर एबीबीचं रोबोटस्टुडिओ, म्हणजे स्क्रीनवरच रोबोट चालवून प्रोग्रॅमिंग शिकायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर टाकून घ्या, चाचणी आवृत्ती ३० दिवस फुकट चालते. मात्र मुदत मोजकीच असते, म्हणून संध्याकाळ मोकळी असेल अशाच महिन्यात ते सुरू करा.