लॅपटॉप सतत चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

ओव्हरचार्ज होईल ही भीती सोडा. १०० टक्के झाले की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. पण बॅटरीतला लिथियम-आयन सेल कायम पूर्ण भरलेला आणि वर गरमही राहिला, की त्याची क्षमता लवकर घटते. त्यातही उष्णता जास्त वाईट. (गादीवर ठेवून गेम खेळणाऱ्यांनी हे खास वाचावं!) दिवसभर टेबलावरच काम असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) सोय असल्यास ८० टक्क्यांची मर्यादा लावा. दर वेळी शून्यावर आणूनच चार्ज करायचं, हा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला. मात्र टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.