शेजारी मोठा तारा असेल तर छोट्याचं काय होतं?

प्रश्न: तारे एकटे नाही तर पुंजक्याने जन्मतात असं वाचलं. मग शेजारी एखादा दांडगा तारा असेल तर लहान ताऱ्याची वाढ खुंटते का? की तो लहान राहणार हे आधीच ठरलेलं असतं?

उत्तर: दोन्ही होतं. थंड वायू आणि धुळीच्या ढगाचे तुकडे पडतात, ढग जितका दाट आणि थंड तितके तुकडे लहान, त्यामुळे काही तारे मुळातच कमी भांडवलावर सुरू होतात. पुढे भोवतालचा वायू सगळेच ओढत असतात, त्यात एखादं पिल्लू मोठ्यांच्या ओढाताणीत पुंजक्याबाहेर भिरकावलं गेलं की त्याचं खाणंच बंद, आणि सूर्याच्या साधारण ८ टक्के वस्तुमान जमायच्या आत असं झालं तर हायड्रोजनची भट्टी टिकून पेटतच नाही, तो तपकिरी बटू होऊन राहतो.

पण मोठ्या शेजाऱ्याचा खरा तडाखा बसतो तो तान्ह्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीला. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक पुसट ठिपका दिसतो ना, तो तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायू-धुळीचा ढग, सुमारे १३५० प्रकाशवर्षं लांब आहे. त्याच्या मधोमध थीटा वन ओरायनिस सी हा सूर्याच्या तीसपटीहून जड तारा बसलाय. १९९०च्या दशकात हबल अवकाश दुर्बिणीने तिथे थेंबासारख्या आकृत्या टिपल्या, चमकती गोल कड त्या ताऱ्याकडे, शेपटी बरोबर उलट्या दिशेला, आत तान्हा तारा आणि भोवती काळी धुळीची चकती, जी त्या शेजाऱ्याच्या अतिनील किरणांनी तापून वाफेसारखी उडून चाललीय. हे फोटो बघताना मला दर वेळी गलबलून येतं, कारण चकती म्हणजे ग्रहांचा कच्चा माल. अल्मा दुर्बिणीने मोजलं तेव्हा त्या ताऱ्याच्या अगदी जवळच्या चकत्यांमध्ये धूळ कमीच भरली. त्यात लहान ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण कमजोर, तापलेला वायू धरून ठेवायला ते पुरत नाही. याउलट वृषभ राशीतल्या विरळ ढगांत असा कोणी दांडगा शेजारीच नाही, तिथल्या चकत्यांना हा त्रास नाही.

एवढा फरक असूनही लहान-मोठ्या ताऱ्यांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी बरंचसं सारखंच भरतं याचं मला फार नवल वाटतं, आपल्या आसपासच्या दर चार ताऱ्यांत जवळपास तीन लाल बटूच, म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद तारे. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा प्रॉक्सिमा त्यातलाच, वस्तुमान सूर्याच्या जेमतेम १२ टक्के, आणि २०१६मध्ये त्याच्याभोवती ग्रह सापडला, म्हणजे त्याच्या चकतीला निदान एक ग्रह घडवण्याइतका वेळ मिळाला होता.